वैदीण माहेरी गेली

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता कपाटात टाकशील, असं माझं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, न फोडलेलं पाकीट घरात असताना ताईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मी दुसऱ्या मनाच्या भरवशावर लिहितेय.

आई गेल्यावर तू निघालीस तेव्हा दारात म्हणाली होतीस, "तुझं तू बघ, आणि मला काही कळवू नकोस." तीन वर्षं मी शब्दशः तेच केलं. माझं मी बघितलं आणि काही कळवलं नाही. आजची बातमी मात्र तब्येतीची नाही, दुकानाचीही नाही, तेव्हा ती आपल्या भांडणाच्या बाहेरची आहे असं मी ठरवलंय.

मी ‘विझलेले बुरूज’ खेळतेय.

तोच खेळ. समुद्रकाठचे सात दीपबुरूज विझलेत, जहाजं खडकांवर आपटताहेत, आणि चौघं जण ते पुन्हा पेटवायला निघालेत: तलवारवाला, जादूगार, चोर आणि वैदीण. ज्याच्यापायी आपण सुट्ट्याच्या सुट्ट्या टीव्हीसमोर पालथ्या पडून काढल्या. म्हणजे खेळलीस तू, मी तुझ्या कोपराशी. "मला दे ना" म्हटलं की म्हणायचीस, "तू रस्ता लक्षात ठेव, ते जास्त महत्त्वाचं काम आहे." आणि मी वेडी ते खरं मानायचे.

सापडला कसा, तर जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्या एकाने दुकानाची पाटी रंगवायला बोलावलं होतं. (हो, मी अजून पाट्याच रंगवते. हो, बाबांच्याच दुकानात. हे कंसातलं तू वाचलं नाहीस असं समज.) मापं घ्यायला आत गेले तर काचेच्या कपाटात हा खेळ, आता हातात धरायच्या छोट्या यंत्रात बसेल अशा कॅसेटमध्ये. मी म्हटलं, मजुरी राहू दे, हे यंत्र आणि ही कॅसेट दे. दुकानदाराला वाटलं भाच्यासाठी नेतेय. "केवढा आहे भाचा?" मी म्हटलं, "पन्नाशीला आलाय." तो पाटीच्या मापांकडे बघत राहिला.

खेळातली भाषा आता मला वाचता येते. म्हणजे शब्दकोश मांडीवर असला की येते. आणि वाचता यायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तू एक नंबरची थापाडी आहेस.

पहिल्या गावाच्या पुलावर भाला घेऊन उभा असलेला म्हातारा आठवतो? तू मला वाचून दाखवलं होतंस की तो खरं तर राजा आहे. लेक रुसून घर सोडून गेली, तेव्हापासून वेष बदलून पुलावर उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मी त्याच्यासाठी उशीत तोंड खुपसून रडले होते. तर परवा त्याच्यासमोर जाऊन बटण दाबलं. तो म्हणतो, ‘पुलाचं काम चालू आहे. खालच्या वाटेने जा.’ संपलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा विचारलं त्याला. लेक नाही, रुसवा नाही, काही नाही. मी खालच्या वाटेने निघाले खरी, पण तुझ्या राजाला मागे वळून बघितलंच.

टोळीला नावं देताना हात जुन्याच वळणाने गेला. तलवारवाल्याचं नाव ताई. वैदिणीचं नाव भिंग, कारण ‘भिंगरी’ त्या चौकटीत तेव्हाही मावत नव्हतं, आताही मावत नाही.

आता मुख्य बातमी. पहिला बुरूज पेटला. मी पेटवला, माझ्या अंगठ्याने. तुझा हात कुठेही लागलेला नाही.

वेळ कुठून मिळतो म्हणशील. आठवड्यातल्या तीन सकाळी मला एका जागी बसून राहावं लागतं. त्याबद्दल नंतर.

— तुझी (हे सवयीने लिहिलं जातं) भिंगरी


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे फोडलंस.

दोन बुरूज झाले. दुसऱ्या बुरुजातल्या आरशांच्या खोलीत तू जिथे कायम चुकायचीस तिथे मी एकदाही चुकले नाही. रस्ता लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे होतं ना.

‘बसून राहावं लागतं’ याचा अर्थ तू एव्हाना लावला असशील, तर आता सरळच लिहिते. डॉक्टर आपल्या दोघींसमोर म्हणाले होते तसंच झालं, फक्त त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच उशिरा. मूत्रपिंडांनी राजीनामा दिला. गेल्या वर्षापासून डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी जायचं, खुर्चीत बसायचं, डाव्या हातात दोन सुया. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. हाताची शीर त्यासाठी शस्त्रक्रिया करून जाड केलीय. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी किळस आली, आता बरं वाटतं. मांजर गुरगुरतंय म्हणजे सगळं ठीक.

हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. मागणी म्हणूनही नाही. तुझं मूत्रपिंड मला नको. तुला साखर आहे, तुझं घेणारही नाहीत. मला कसं माहीत, हे विचारू नकोस. डॉक्टरांशी बोलता बोलता विषय निघाला होता. माझं नाव यादीत आहे, ते त्याच्या क्रमाने येईल.

खेळाचं सांगते. डावा हात हलवायचा नाही, म्हणजे खेळायला राहिला उजवा. यंत्राला बाण डावीकडे, बटणं उजवीकडे. मग मी दुकानातल्या प्लायच्या तुकड्याची उतरती घडवंची केली, खाली रबर चिकटवलं, ती मांडीवरच्या फळीवर बसते. एकाच हाताने आधी बाण दाबायचा, मग हात उचलून बटण. आजकालच्या धावाधावीच्या खेळांत हे जमलंच नसतं, तोवर माणूस मेलेला असतो. हा खेळ जुना, सभ्य आहे. तुमची पाळी आली की थांबून राहतो. समोर तीन डोक्यांचा साप फणा काढून उभा असतो आणि तुम्ही नाक खाजवा, पाण्याचा घोट घ्या, शब्दकोशात शब्द शोधा, तो बिचारा डुलत उभा. माझ्या ओळखीत इतकं थांबणारं दुसरं कोणी नाही.

शेजारच्या खुर्चीत ड्रायव्हरकाका असतात. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवली. पहिले काही दिवस माझ्याकडे बघून नुसते ‘हं’ करायचे. मग एकदा म्हणाले, "बाई, या वयात हे काय?" मी म्हटलं, "काका, बुरूज पेटवतेय." त्यांनी मान लांब करून पडदा बघितला आणि म्हणाले, "ते डावीकडचं जंगल टाळा. असल्या रस्त्याला गाडी घालायची नसते." जंगलात खरंच अस्वलं होती. तेव्हापासून वाट ते सांगतात, लढाई मी करते.

इथल्या परिचारिकेला सगळे सिस्टर म्हणतात. मीही म्हणते. तेवढाच शब्द तोंडात राहतो.

— भिंगरी


१४ मार्च, शुक्रवार

ताई,

दलदलीतल्या बुरुजाने जीव खाल्ला. तिथली ती चिखलातली म्हातारी आपल्यालाही एक अख्खी सुट्टी पुरली होती. तू रागाने खेळायचा रिमोट गादीवर फेकला होतास आणि तो उडून माझ्या दाताला लागला होता. दात दुधाचा होता म्हणून तू सुटलीस.

मी फेकाफेक केली नाही. मागे फिरले, दलदलीच्या कडेकडेने बेडकांशी, माशांशी फुटकळ लढाया करत राहिले, म्हणजे टोळीच्या अंगात बळ येतं. काका वैतागले. "बेडूक किती मारणार? पुढे चला." मी म्हटलं, "काका, घाट चढायच्या आधी तुम्ही इंजिनात पाणी घालत होता की नाही?" नंतर स्वतःच मोजायला लागले, "हा एक, अजून येऊ दे."

बुधवारी म्हातारीला पाडलं. शेवटच्या फटक्याला तलवारवाला आणि चोर आडवे झाले होते, जादूगाराची विद्या संपली होती. उभी होती फक्त वैदीण. भिंग. तिची काठी म्हणजे बडबडगीतातली छडी, पण तिने तीच काठी घातली म्हातारीच्या टाळक्यात आणि म्हातारी विरघळली. तू हे बघायला हवं होतंस. तू नेहमी म्हणायचीस, "भिंगला मागे ठेव, ती मारत नसते, ती फक्त बरं करते." मागे ठेवली असती तर अजून दलदलीत असतो.

मध्ये एका सोमवारी जरा चक्कर आली. विशेष काही नाही. मशीनवर असताना रक्तदाब उतरतो कधीकधी.

काका शेजारून विचारताहेत काय लिहितेय म्हणून. वाचून दाखवलं, तर म्हणतात, ‘जरा चक्कर’ लिहू नका, खोटं आहे. त्यांचं म्हणणं असं की मी मान टाकली, खुर्ची आडवी केली, पाय वर केले, डॉक्टर धावत आले आणि सिस्टरनी माझ्या गालावर चापट्या मारल्या. असेल. मी तिथे नव्हते. शुद्धीवर आले तर सिस्टर यंत्र उचलून टेबलाच्या खणात ठेवत होत्या.

"हे आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

"याच्यामुळे नाही झालं."

"मला नका शिकवू. तुम्ही काल पाणी किती प्यायलात?"

"थोडं जास्त झालं."

"वजन सांगतंय किती जास्त ते. एवढं पाणी काढायचं म्हणजे दाब उतरणारच."

"म्हणजे पाण्यामुळे झालं. खेळामुळे नाही. तुम्हीच म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. काका छताकडे बघत म्हणाले, "सिस्टर, गाडी घाटाच्या मध्यावर उभी आहे. असं मध्ये सोडू नये." शेवटी तह झाला. मी पाणी मापात प्यायचं, तर यंत्र मिळणार. वजन जास्त भरलं तर त्या दिवशी खण बंद. ताई, डॉक्टरांनी ओरडून, आहारवालीने तक्ते देऊन जे झालं नाही ते या तहाने झालं. तेव्हापासून माझं वजन काट्यावर एकदाही जास्त भरलेलं नाही. आहारवाली बाकीच्यांना माझं उदाहरण देते. खरं कारण तिला कोणी सांगितलेलं नाही.

कामाचंही सांगून टाकते, कारण तू मनात म्हणत असशील की दुकान बसलं असेल. बसलेलं नाही. शिडीवर चढायची बंदी आहे, मग मी पाट्या जमिनीवर आडव्या टाकून रंगवते आणि चढवायला माणसं बोलावते. गेल्या आठवड्यात एका बेकरीची पाटी केली, लाल अक्षरांना पिवळी सावली. बाबांची सावली डावीकडे पडायची, माझी उजवीकडे. रस्त्यापलीकडून वाचता येते.

— भिंगरी


९ एप्रिल, बुधवार

ताई,

चौथा बुरूज आज झाला. घरी येऊन जेवलेही नाही, आधी लिहायला बसले.

तुला माहीत आहे चौथ्या बुरुजात काय होतं. फक्त तुलाच माहीत होतं, इतकी वर्षं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी काकांना सांगितलं तसं लिहिते. बुरूज समुद्रात आहे. चौघं आत शिरतात आणि भरतीचं पाणी दार फोडून आत येऊ लागतं. वर जाऊन दिवा पेटवायचा तर कोणीतरी खाली दार लावून धरलं पाहिजे. वैदीण धरते. बाकीचे तिघं जिना चढतात. वर दिवा पेटतो, खाली पाणी भरतं. मग तिघं होडीतून काठाला येतात आणि खेळ पुढे चालू होतो, जणू काही झालंच नाही. यादी उघडली तर तीन नावं. ताई, जादूगार, चोर. चौथ्या जागी रिकामी चौकट.

मी ती यादी बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा. काकांनी मान लांब केली.

"आपली बाई कुठे गेली? औषधवाली?"

आणि ताई, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माहेरी गेली."

"मग येईल परत," काका म्हणाले आणि निवांत मागे टेकले.

मी पडद्याकडे बघत बसले. हे वाक्य माझं नव्हतं. हे मी आधी ऐकलेलं होतं, तुझ्या तोंडून, त्या फरशीवर. मला आठवलं. होडी काठाला लागली, तिघंच उतरली, आणि मी तुझी बाही ओढली, "भिंग कुठंय?" तू म्हणालीस, "माहेरी गेलीय. येईल." आणि लगेच तुझा हात यंत्राकडे गेला आणि टीव्ही काळा झाला. म्हणालीस, कॅसेट बिघडली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा आले, महागाची कॅसेट खराब केली म्हणून तुला वाट्टेल ते बोलले, आणि पुढचं वर्षभर तुला नवीन काही आणून दिलं नाही. तू एक अवाक्षर काढलं नाहीस. कॅसेट कपाटात वरच्या फळीवर गेली ती तिथेच राहिली. मी कधी विचारलंही नाही. बिघडली म्हणजे बिघडली.

तू नववीत होतीस. मी तिसरीत.

त्या कॅसेटला काहीही झालेलं नव्हतं ना?

सिस्टर सुया काढायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं मला दुखलं. मी म्हटलं, नाही, माझी बहीण फार हुशार आहे. त्या म्हणाल्या, "हं. हात दाबून धरा."

मी आज हे सांगायला लिहितेय की मला तुझा अभिमान वाटतो. त्या क्षणी तुला सुचलं, तू केलंस आणि निभावलंस. खेळाचं वेड तुला माझ्यापेक्षा जास्त होतं, शेवट बघायची घाई तुलाच होती. बहिणीच्या नावाची एक बाहुली पाण्यात बुडाली म्हणून तू शेवट सोडून दिलास आणि वर बोलणी खाल्लीस. मी हे कोणाकोणाला सांगितलं म्हणून सांगू. काकांना सांगितलं. सिस्टरना सांगितलं. येताना गाडीवाल्यालाही सांगितलं, त्याला काही कळलं नाही.

आता दुसरं. हे लिहू की नको असं झालं होतं, पण आता हात बसलाय तर लिहिते.

आई गेल्यावर डॉक्टरांनी माझे रिपोर्ट वाचले आणि घरी येताच तू माझं सामान भरायला काढलंस. दुकान बंद, घर बंद, माझ्याकडे चल. मी नाही म्हटलं. तू ओरडलीस, मी ओरडले, बाकीचं आपल्याला पाठ आहे. मला तेव्हा वाटलं, ताईला रिमोट कायम आपल्याच हातात हवा. इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते. आज वाटतं तसं नव्हतं. पुढे काय येतंय ते तुला दिसलं होतं, आणि तू बटण बंद करायला धावलीस. पुन्हा एकदा.

नववीतल्या पोरीने तिसरीतल्या पोरीसाठी ते केलं, ते बरोबरच होतं. पण ताई, मी आता तिसरीत नाही. मी आज यंत्र बंद केलं नाही. डोळे पुसले, तिघांना घेऊन गावातल्या दुकानात गेले, मिळेल तेवढी औषधी मुळी विकत घेतली, तिघांच्या पिशव्यांत वाटून टाकली आणि पाचव्या बुरुजाची वाट धरली. वैदिणीशिवाय चालायला शिकावं लागतं. अवघड आहे, पण जमतं.

— तुझी भिंगरी


२ मे, शुक्रवार

ताई,

संपवला.

पुन्हा लिहिते, मला लिहायला आवडतंय. संपवला. सातही बुरूज.

सहावा आणि सातवा कसा झाला ते भेटीत सांगेन, भेट झालीच तर. आजचंच सांगते. सातव्या बुरुजाच्या माथ्यावर खुद्द काळोख बसलेला असतो. त्याला चेहरा नाही, नुसता एक मोठा कोट आहे. तीन वेळा मेल्यासारखं करतो आणि तीन वेळा उठतो. माझी तिघं, चौथी चौकट रिकामी. बरं करणारं कोणी नाही, फक्त पिशवीतली मुळी. मी चोराला लढायलाच लावलं नाही. तो नुसता इकडून तिकडे मुळ्या पोचवत राहिला. चोराला मी परिचारक केलं. तुला हे कधी सुचलं नसतं, कबूल कर.

दुसऱ्यांदा काळोख उठला तेव्हा मशीन किंचाळायला लागलं. भरात माझा डावा हात वाकला होता. सिस्टर आल्या, "हात सरळ," म्हणाल्या, नळी नीट केली, आणि गेल्या नाहीत. काकांची वेळ संपली होती, सुया निघाल्या होत्या, पट्टी बांधून झाली होती. एरवी ते सगळ्यात आधी दाराशी असतात. आज माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे. पलीकडच्या रांगेतल्या आजी, ज्या कोणाशी बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, "काय चाललंय तिकडे?" काका म्हणाले, "शेवटचा घाट."

मुळ्या संपल्या. जादूगार पडला. चोर पडला. तलवारवाल्याचा, म्हणजे तुझा, जीव बोटभर उरलेला. पाळी माझी. काळोख डुलत उभा, थांबलेला. सिस्टर हळूच म्हणाल्या, "आता?" मी म्हटलं, "आता मारायचं, दुसरं काय." उजवा हात उचलला, बाण, मग बटण.

कोट रिकामा होऊन खाली पडला.

कोणी आरडाओरडा केला नाही, तिथे तसं करत नाहीत. काकांनी पट्टी बांधलेल्या हाताने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "पोचली गाडी." आजींनी मान हलवली. सिस्टरनी माझ्या तक्त्यावर रक्तदाब लिहिला आणि म्हणाल्या, "जास्त आहे. आजच्या दिवस चालेल."

मग दिवा लागला आणि समुद्र पूर्ण दिसला. त्यापुढे काय येतं ते लिहीत नाही. ज्याने संपवला त्यालाच ते दिसावं.

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी अर्ध्या सोडल्यात. शिवणाचा वर्ग, पोहणं, ते एक लग्न जमत आलेलं. हा खेळ मी सुरू केला आणि संपवला, एका हाताने, शब्दकोश घेऊन, पाणी मापून पिऊन. इथे कोणाला त्याचं फार मोठं वाटायचं कारण नाही. तुला वाटेल, म्हणून तुला लिहिलं.

— भिंगरी, जिने संपवला


१८ मे, रविवार

ताई,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला बोलता येईना, म्हणून आज लिहिते. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, तीन वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर "ती परत येते का?"

मी नुसतं "नाही" म्हटलं. मग म्हणालीस, "मला तेव्हाच वाटलं होतं." आणि पुढचं बोलणं तिकिटांवर आणि विमानांवर गेलं. पण ते ‘नाही’ अपुरं राहिलं, ते पुरं करते.

भिंग परत येत नाही. मी वाट बघितली, अगदी शेवटपर्यंत. पण दिवा लागल्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात, परक्या लोकांची, लांबलचक. ती संपली की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग टोळीची नावं येतात. एकाखाली एक. तीन नाहीत, ताई. चार. भिंग सगळ्यात वर आहे, आणि तिच्या नावापुढे चौथ्या बुरुजाचं चित्र आहे, पेटलेल्या दिव्यासकट. काका म्हणाले, "बघा, आली की माहेराहून." मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही.

आता येण्याचं. ‘न्यायला येते’ असं तू फोनवर तीनदा म्हणालीस. न्यायला नको. भेटायला ये. महिनाभर राहा, दोन महिने राहा, आईच्या खोलीत तुझी गादी घातलेली आहे. पण माझी बॅग भरायला काढलीस तर तुझी भरून दारात ठेवीन, हे आधीच सांगते. मी इथे काम करते, इथे माझी खुर्ची आहे, आणि आता पुढचा खेळ सुरू झालाय. पलीकडच्या रांगेतल्या आजींना सोबतीला एक घोडा हवा होता, तर तोही घेतलाय.

शक्यतो मंगळवारी किंवा गुरुवारी उतर. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सकाळची मोकळी नसते.

विमानतळावर मी येईन. मला बघून तोंड पाडू नकोस, मी बारीक झालेय, पण रंग चांगला आहे. आणि मला धरून गाडीत बसवायला धावू नकोस. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, एवढंच. उजवा मोकळा असतो. तुझी बॅग मी घेईन.

— तुझी भिंगरी